उन्हाळी सुट्टीतला सहकुटुंब परदेश प्रवास आणि घरचा स्वयंपाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की आम्हांला प्रश्न येऊ लागतात: तूप नेता येईल का, कुकर घ्यावा का, आजींच्या उपवासाचे काय करायचे. गेली काही वर्षे आई, सासूबाई आणि दोन मुले यांना घेऊन आम्ही बहुतेक उन्हाळ्यांत प्रवास केला, आणि जिथे राहिलो तिथे निदान एक वेळचे जेवण स्वतः रांधले. त्या अनुभवातून आणि लोक पुन्हा पुन्हा विचारतात त्या प्रश्नांतून हे पान तयार झाले आहे. नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या सीमाशुल्क किंवा कृषी विभागाचे संकेतस्थळ जरूर वाचावे.

१. इतक्या दूर जाऊन पुन्हा पोळी-भाजीच का करायची? तिथले खाऊ नये का?

तिथले अवश्य खावे. बेकरीतला सकाळचा ताजा पाव, बाजारातल्या चेरी आणि जर्दाळू, रस्त्यावरचा पिझ्झा हे सगळे सोडून डबा उघडून बसणे म्हणजे प्रवासाचा निम्मा आनंद गमावणे होय. आमचे म्हणणे एवढेच आहे की दिवसातून एक वेळ, शक्यतो रात्री, घरचे साधे जेवण असावे. पाचव्या-सहाव्या दिवशी मुलांची भूक मंदावते, ज्येष्ठांचे पोट कुरकुरू लागते आणि ‘काय खायचे’ या एका प्रश्नावर भर चौकात अर्धा तास वाद होतो. मऊ भात, मेतकूट आणि वर तुपाची धार एवढ्यावर तो वाद मिटतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे नव्या चवीला पुन्हा तयार होतात.

२. आपल्याकडे मे महिन्यात सुट्टी असते. तेव्हा तिथेही उन्हाळाच असतो का?

नाही, आणि बांधाबांधीत इथेच गफलत होते. युरोपात मे हा वसंत आहे; खरा उन्हाळा जून ते ऑगस्ट. मेच्या पहिल्या पंधरवड्यात आल्प्समधले कित्येक उंच घाटरस्ते बर्फामुळे बंदच असतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर मे हा शरद ऋतूचा शेवट असतो आणि जूनपासून हिवाळा लागतो. स्वयंपाकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की मे महिन्यात युरोपला जाणाऱ्यांनी सरबताइतकाच विचार गरम कढी, कुळथाची पिठी आणि आल्याचा चहा यांचाही करावा. जुलैतली गोष्ट उलटी आहे: तिथल्या बहुतेक घरांत वातानुकूलन नसते आणि उष्णतेची लाट आली की दुपार नकोशी होते. अशा वेळी खिडक्यांच्या लाकडी झडपा दिवसा मिटून रात्री उघडाव्यात. आपले आजोबा वाळ्याचे पडदे भिजवून दुपार काढत, त्याच जातीचा हा उपाय आहे.

३. चार-पाच माणसांच्या दहा-बारा दिवसांच्या प्रवासाला कोरडे पदार्थ कोणते आणि किती न्यावेत?

आमचा हिशेब ‘रोज एक जेवण आणि एक न्याहारी’ असा असतो. तांदूळ शक्यतो नेत नाही, तो सगळीकडे मिळतो. मुगाची डाळ १ किलो, थालिपिठाची भाजणी १ किलो, भाजून ठेवलेला रवा अर्धा किलो, जाड पोहे अर्धा किलो, कुळथाचे पीठ पाव किलो, मेतकूट पाव किलो, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी प्रत्येकी पाव किलो, आमसुले १०० ग्रॅम, गूळ अर्धा किलो आणि मूठभर सांडगे. मोहरी, जिरे, हळद, हिंग, तिखट आणि गोडा मसाला छोट्या डब्यांतून घ्यावा. हिंगाची डबी दोन पिशव्यांत बांधावी. एकदा आमच्या सामानातल्या सगळ्या कपड्यांना आठवडाभर हिंगाचा वास येत होता.

या यादीत भाजणीचे स्थान पहिले आहे. ती आधीच भाजलेली असल्याने टिकते, तिला फक्त पाणी, तिखट-मीठ आणि चिरलेला कांदा लागतो, आणि लाटण्याऐवजी हाताने थापता येते. पोळपाट-लाटण्याची गरज उरत नाही. थालीपीठ तव्यावरच थापायचे असेल तर तवा थंड असताना थापावे आणि मगच शेगडी लावावी.

पहिल्या दिवसासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा धपाटे घ्यावेत. पाण्याऐवजी तेलाचे मोहन थोडे वाढवले तर ते दोन-तीन दिवस मऊ राहतात.

४. तूप, पेढे, पनीर हे पदार्थ नेता येतात का?

युरोपीय संघाच्या देशांत नाही. भारतासारख्या संघाबाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दूध, तसेच त्यांपासून केलेले पदार्थ वैयक्तिक सामानात आणायला मनाई आहे. तूप, खवा, पेढे, बर्फी, पनीर आणि दुधाची भुकटी हे सगळे त्यात येते. स्वित्झर्लंड संघाबाहेर असले तरी भारतातून येणाऱ्यांना तिथेही हीच मनाई लागू आहे आणि ब्रिटनमध्येही दूध-मांसाबाबत अशीच बंदी आहे. बाळाच्या अन्नाला मात्र सवलत आहे, ती प्रश्न १४ मध्ये पाहावी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याहून कडक आहेत. तिथे खाण्याची प्रत्येक वस्तू, अगदी बिस्किटाचा पुडासुद्धा, आगमनाच्या अर्जावर जाहीर करावा. न्यूझीलंडमध्ये जोखमीची वस्तू जाहीर न केल्यास जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते.

तुपावाचून अडत नाही, कारण ते तिथे अर्ध्या तासात होते. बिनमिठाचे लोणी २५० ग्रॅम आणावे आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवावे. आधी पांढरा फेस येतो आणि तडतड सुरू होते. आवाज मंदावून बेरी बदामी झाली आणि वर तळ दिसेल इतके स्वच्छ तूप आले की आच बंद करावी. लोण्यात साधारण ८२ टक्के स्निग्धांश असल्याने २०० ग्रॅमच्या आसपास तूप पडते. युरोपात, विशेषतः फ्रान्स आणि जर्मनीत, विरजलेल्या सायीचे लोणी सहज मिळते. त्याचे तूप कढवले की घरभर जो वास सुटतो तो थेट आपल्या लोणकढ्या तुपाचा असतो. आईने तो वास घेतला आणि ती त्या परक्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा निवांत बसली, हे मला अजून दिसते.

५. नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नेली तर चालेल का?

नेऊ नये. ताजी फळे युरोपात नेण्यासाठी रोगमुक्ततेचे सरकारी प्रमाणपत्र लागते; त्यातून अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर एवढीच सुटली आहेत, आंबा नाही. कारण फळमाशी. याच कारणाने युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यासह अळू, कारले, वांगे आणि पडवळ यांच्या आयातीवर बंदी घातली होती; आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. अमेरिकेत भारतीय आंबा २००७ पासून जातो खरा, पण तो विकिरण प्रक्रिया करून, व्यापारी मार्गाने. त्यासाठीचे एक केंद्र आपल्या नाशिक जिल्ह्यात लासलगावला आहे. प्रवाशाच्या पिशवीतल्या आंब्याला ही वाट नाही. कढीपत्ता आणि विड्याची पाने यांनाही युरोपात ताज्या फळांसारखाच प्रमाणपत्राचा नियम आहे, म्हणून कढीपत्ता सावलीत वाळवून चुरून न्यावा. आंब्याची चव पोहोचवायचीच असेल तर हवाबंद डब्यातला आमरस किंवा साठे न्यावे आणि विचारल्यास स्पष्ट सांगावे.

६. मसाल्यांत आक्षेप घेण्यासारखे काही असते का?

असते, आणि ते जिवावर बेतू शकते. संयुक्त अरब अमिरातींत खसखशीवर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. दुबईला जाणाऱ्यांनी, आणि केवळ दुबईत विमान बदलणाऱ्यांनीही, खसखस अजिबात जवळ ठेवू नये. अडचण अशी की आपल्याकडे ती न दिसता असते: अनारशांवर, करंजीच्या सारणात, काही घरांच्या गोड्या मसाल्यात. म्हणून प्रवासाचा मसाला खसखशीवाचून वेगळा कुटून घ्यावा. सिंगापूरलाही ती नेऊ नये.

दुसरी वस्तू सुके खोबरे. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात धरले जाते आणि त्याच्या अखंड वाट्या विमानात नाकारल्या जातात. चटणीत कुटून गेलेल्या खोबऱ्याला आम्हांला आजवर हरकत आलेली नाही.

७. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत ठेवता येईल का?

ठेवू नये. १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव किंवा ओलसर पदार्थ बहुतेक विमानतळांवर केबिनमध्ये नेऊ देत नाहीत आणि लोणचे, मुरांबा, कोकम आगळ हे सर्व त्यात मोडते. मोठ्या सामानात ठेवताना काचेची बरणी टाळावी. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीच्या तोंडाला आतून प्लॅस्टिकचा तुकडा लावून झाकण बसवावे. तेल वर येईल इतकी बरणी भरू नये.

८. हॉटेलच्या खोलीत छोटी शेगडी लावून खिचडी केली तर?

करू नये. साध्या हॉटेलच्या खोलीत स्वयंपाकाला मनाई असते, आगीची जोखीम खरी असते आणि धुराचा अलार्म वाजला तर सगळी इमारत रिकामी करावी लागते. किटलीत फक्त पाणी उकळावे. तिच्यात डाळ-तांदूळ शिजवणे हा नंतर येणाऱ्या पाहुण्यावर अन्याय आहे. उकळत्या पाण्यावर होणाऱ्या गोष्टी मात्र पुष्कळ आहेत. भाजलेला रवा, फोडणीतली मोहरी-उडीद डाळ, मीठ आणि साखर घरीच एकत्र करून न्यावे. त्यावर दुप्पट उकळते पाणी ओतून दहा मिनिटे झाकले की उपमा तयार होतो. रोज रांधायचे असेल तर स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेणे हाच सरळ मार्ग आहे.

९. असे घर निवडताना स्वयंपाकघरात काय पाहावे?

छायाचित्रात धूर ओढणारी चिमणी आणि उघडणारी खिडकी दोन्ही दिसतात का ते पाहावे. एकाऐवजी दोन तरी मोठी पातेली आहेत का, हे यजमानांना आधी विचारावे. सोबत घरून एक छोटे कढले, चिमटा, धारदार सुरी आणि चहाची गाळणी न्यावी (सुरी अर्थातच मोठ्या सामानात). गाळणी तिथे हमखास नसते.

१०. आपला प्रेशर कुकर आणि विजेचा राइस कुकर तिथे चालतो का?

प्रेशर कुकर कोणत्या शेगडीवर लागणार यावर ते आहे. युरोपात इंडक्शन शेगडी बरीच आढळते आणि तिच्यावर अॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, कारण तिला चुंबकाला चिकटणारे बूड लागते. घरी फ्रिजवरचे चुंबक कुकरच्या बुडाला लावून पाहावे. चिकटले तर कुकर न्यावा.

विजेच्या उपकरणांचे गणित वेगळे आहे. भारतात आणि युरोपात २३० व्होल्ट असल्याने फक्त प्लगचा अडॅप्टर पुरतो. अमेरिकेत १२० आणि जपानमध्ये १०० व्होल्ट असतात, आणि तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. त्यामुळे आपला १००० वॅटचा राइस कुकर अमेरिकेत जेमतेम २७० वॅटचे आणि जपानमध्ये १९० वॅटचे काम करतो. भात फुगून राहतो, शिजत नाही. अडॅप्टर केवळ पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट नाही. उलट दिशेने, अमेरिकेत घेतलेला राइस कुकर इथे लावला तर तो जळतो.

११. फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो. काय करावे?

अलार्मवर पिशवी बांधू नये. बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे आणि सर्वत्र धोक्याचे आहे. आल्प्सच्या पायथ्याशी घेतलेल्या एका घरात आमच्या लसणाच्या फोडणीने अलार्म वाजला आणि शेजारच्या वृद्ध बाई घाबऱ्या घाबऱ्या दाराशी आल्या. तेव्हापासून आम्ही पद्धत बदलली. चिमणी आधी सुरू करतो, खिडकी उघडतो, तेल कमी आचेवर तापवतो, मोहरी टाकताच कढल्यावर झाकण ठेवतो आणि आच बंद झाल्यावर उरलेल्या उष्णतेवर हिंग, हळद आणि शेवटी तिखट घालतो. धूर बहुधा तेलाचा नसून जळलेल्या तिखटाचा असतो. याहून सोपे म्हणजे कोरडी फोडणी घरूनच नेणे: तेलात तडतडवून निथळलेली मोहरी, जिरे आणि वाळलेला कढीपत्ता डबीत भरावा आणि वरणावर चमचाभर घालावा. शेजारणीला दुसऱ्या दिवशी थालीपीठ दिले. तिने त्याबरोबर जर्दाळूचा मुरांबा खाल्ला आणि ती जोडी आम्हांलाही आवडली.

१२. तिथल्या साध्या दुकानात आपल्या उपयोगाचे काय मिळते?

वाटते त्याहून पुष्कळ. मसुराची डाळ, छोले, फ्लॉवर, पालक, बटाटे, कांदे आणि नारळाच्या दुधाचे डबे जवळजवळ सर्वत्र असतात. नारळाचे दूध आणि नेलेली आमसुले यांची सोलकढी उत्तम होते.

पिठाकडे लक्ष द्यावे. जर्मनीत ४०५ क्रमांकाचे पीठ म्हणजे जवळपास आपला मैदा. पोळीसाठी ‘फोलकोर्न’, म्हणजे सबंध गव्हाचे, बारीक दळलेले पीठ घ्यावे. तेही आपल्या कणकेहून जरा भरड असल्याने कणीक सैल भिजवावी आणि अर्धा तास मुरू द्यावी. शहरात तुर्की दुकान सापडले तर प्रश्नच मिटतो: कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, भेंडी, चांगले दही.

श्रीखंडासाठी घट्ट ग्रीक दही किंवा जर्मन क्वार्क (दह्यासारखे मऊ ताजे चीज) हा तयार चक्काच समजावा. साधे दही घेतले तर ते रात्रभर स्वच्छ रुमालात बांधून फ्रिजमध्ये गाळणीवर ठेवावे, सकाळी साखर, वेलची आणि घरून नेलेले केशर घालावे. क्वार्क फार आंबट नसते, त्यामुळे साखर बेताने.

१३. डोंगराळ गावात डाळ लवकर शिजत नाही, असे का?

उंचीवर हवेचा दाब कमी असतो आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. स्वित्झर्लंडमधले झेरमाट १६०० मीटरवर आहे. तिथे पाणी साधारण ९५ अंशांना उकळते. कुकर नसेल तर तूरडाळीच्या वाटेला जाऊ नये. मूग किंवा मसूर घ्यावी, तासभर भिजवावी आणि मीठ व आमसूल शिजल्यानंतर घालावे.

१४. तान्हे बाळ किंवा मधुमेह असलेले आजोबा बरोबर असतील तर?

युरोपीय संघात बाळाचे दूधभुकटीचे आणि इतर अन्न माणशी २ किलोपर्यंत नेता येते. ते कंपनीच्या बंद वेष्टनातले आणि फ्रिजशिवाय टिकणारे असावे लागते (वापरात असलेला डबा उघडा चालतो). घरी केलेले नाचणीसत्त्व त्या वेष्टनाच्या अटीत बसत नाही, पण त्यात दूध नसल्याने साध्या पिठासारखे नेता येते. वर नाव लिहून ठेवावे. मधुमेही व्यक्तीची औषधे हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असावीत. जेवणाच्या वेळा आणि औषधांचे प्रमाण यांबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. आम्ही सासूबाईंच्या पिशवीत कायम राजगिऱ्याची वडी आणि फुटाणे ठेवतो, कारण गाडी चुकली की जेवण दोन तास पुढे जाते.

१५. रविवारी दुकाने खरोखरच बंद असतात का?

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक बंद असतात. शनिवारी संध्याकाळीच दूध, भाजी, पाव आणून ठेवावा. मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकाने उघडी असतात, पण महाग. मे-जूनमध्ये असेन्शनचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार या ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्याही येतात, तेव्हा दिनदर्शिका पाहून ठेवावी.

१६. रात्री नऊ वाजले तरी लख्ख उजेड असतो. मुले जेवायला आणि झोपायला तयार होत नाहीत.

जूनच्या अखेरीस पॅरिसमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. आपल्या घरांत दिवेलागण झाली की हातपाय धुणे, शुभंकरोती, मग पाने घेणे हा क्रम अंगवळणी पडलेला असतो; सूर्यच मावळत नाही म्हटल्यावर तो क्रम सुटतो आणि मुले थकून चिडचिडी होतात. आम्ही घड्याळाला दिवेलागण मानले. साडेसातला पडदे ओढायचे, एक दिवा लावायचा, आणि पाने घ्यायची.

स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनला असताना समोर श्टाउबबाखचा २९७ मीटरचा धबधबा उजेडात पांढरा दिसत होता आणि आत पडद्यामागे आई मुलांना शुभंकरोती म्हणायला लावत होती. जेवणानंतर पडदे पुन्हा उघडले, आणि अर्धा तास सगळे खिडकीशी बसून राहिले. सुट्टीत मुलांना आजीजवळ असे बसायला मिळते, यासाठी लवकर जेवणे मोलाचे वाटते.

१७. एकादशी किंवा चतुर्थी प्रवासात आली तर?

वरीचे तांदूळ अर्धा किलो, दाण्याचे कूट पाव किलो आणि राजगिऱ्याचे लाडू एवढे नेले तरी दोन उपवास निभतात. साबुदाणा नेऊ नये असे नाही, पण तो भिजवण्याचा अंदाज परक्या पाण्यात आणि थंडीत चुकतो. वरी चुकत नाही. बटाटे, दही आणि फळे तिथली. आषाढी एकादशी जून-जुलैत येते, तेव्हा जुलैत जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

१८. आम्ही काटेकोर शाकाहारी आहोत. ‘व्हेज’ लिहिलेले सगळे चालेल का?

चालेलच असे नाही. इटलीतल्या पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) असते, म्हणून पास्त्यावर ते आपोआप भुरभुरले जाऊ नये हे आधी सांगावे. जपानमध्ये सूपच्या मुळाशी बहुधा बोनिटो माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो, थायलंड आणि व्हिएतनाममध्ये भाजीतही फिश सॉस असतो, आणि जेली-गोळ्यांत प्राण्यांपासून केलेले जिलेटिन. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, मासे आणि त्यांचा अर्कही नको असे त्या भाषेत लिहून घेतलेली चिठ्ठी जवळ ठेवावी.

१९. विमानात दिलेले सफरचंद किंवा उरलेला डबा उतरताना बरोबर नेता येतो का?

फळ विमानातच खाऊन संपवावे किंवा तिथेच ठेवावे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे विमानातले सफरचंदही जाहीर न करता बाहेर नेले तर दंड होऊ शकतो. उरलेल्या डब्याबाबत प्रश्न ४ मधला नियम लागू होतो.

२०. मे महिन्यात बाहेर गेलो तर वाळवणाचे काय करायचे?

हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी आजी विचारतात आणि तो आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो. कुरडया, पापड, सांडगे, साठे यांसाठी कडक ऊन लागते आणि ते मार्चच्या अखेरीपासूनच मिळू लागते. आम्ही गव्हाचा चीक परीक्षा संपलेल्या पहिल्या रविवारी करतो. कुरडयांचा सोऱ्या फिरवायला मुले गच्चीवर येतात, चिकाची वाटी कोणाला मिळणार यावर भांडतात, आणि संध्याकाळी चादर उचलताना कुरडयांचा खुळखुळ आवाज येतो. सांडगे एप्रिलच्या मध्यात होतात. साठ्याला मात्र आंबा भरात यावा लागतो. त्यासाठी परतल्यावर पाऊस लागण्याआधीचे चार-पाच दिवस राखून ठेवावेत, किंवा शेजारणीला रस देऊन जावे आणि साठ्याचे निम्मे ताट तिचे, असा ठराव करावा. त्या एप्रिलच्या सांडग्यांतलीच मूठभर प्रश्न ३ मधल्या पिशवीत जाते, आणि परक्या गावी पावसाळी संध्याकाळी त्यांची भाजी होते.